उजव्या कडेचे अकरा उंबरठे

साहेब, तुम्ही अकरा घरं नकाशावरून पुसायला निघालात. चुकून नाही, चांगलं समजून-उमजून. मला केबिनमध्ये बोलावून म्हणालात, "निदिया, शीट जरा स्वच्छ करा."

त्याच शीटपायी मी प्रेमात पडले. तेही ऐकाच आता.

आमच्या मानिसालेस शहरातल्या त्या चढाच्या गल्लीत नवा रस्ता व्हायचा होता; त्याच्या चढ-उताराचा नकाशा, उभा छेद, मी काढत होते. तीन रेषा — एक रस्त्याच्या मध्याची, दोन कडेच्या कर्बच्या, म्हणजे रस्त्याच्या उचललेल्या काठांच्या. दर दहा मीटरला उंची लिहायची, की झालं. तेवढ्यात मोजणीवाला ओविदिओ दारात उभा राहिला. नखशिखांत भिजलेला... वही मात्र शर्टाच्या आत, कोरडी ठणठणीत.

वहीत आकड्यांच्या मधेमधे माणसं होती. 'दोन्या ब्रिसेइदा, उंबरठा.' 'तुलिओ शिंपी, उंबरठा.'

"हे कोणी मोजायला सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. तिथल्या दोन्या ब्रिसेइदाबाईंनी उंबरठ्यावर बसवून गरम गूळपाणी पाजलं. नुसतं पिऊन कसं उठायचं?"

"म्हणजे जिथे पाजलं, तिथे मोजलं?"

"अकरा कप झाले, इंजिनियरबाई."

"मी इंजिनियर नाही. मी रेषा काढते."

"अरेरे, म्हणजे मी भलत्याच बाईंसाठी भिजलो..." तो थांबला. "नाही — बरोबर बाईंसाठीच."

लाजलेलं दिसू नये म्हणून मी मान खाली घातली आणि उंबरठ्यांच्या उंच्या उजव्या कर्बच्या रेषेवर भरत गेले. भरता भरता घोळ दिसला. जुना रस्ता न फोडता त्याच्यावरच नवं काँक्रीट ओतायचं, म्हणून उजवा कर्ब अकराही उंबरठ्यांच्या वर! आमच्याकडे पाऊस रोजचा. पाणी थेट पलंगाखाली.

शनिवारी आम्ही दोघं पुन्हा मोजायला गेलो. काठी माझ्या हातात, दुर्बीण त्याच्या डोळ्याला.

"काठीकडे बघा, माझ्याकडे नाही."

"दुर्बिणीत दोघी एकदमच येता. माझा काय दोष?"

दारातून दोन्या ब्रिसेइदा ओरडल्या, "अहो मोजणीवाले, उंबरठा होता तिथेच आहे! किती वेळा मोजाल?"

आकडे तेच आले. तुम्ही खोडायला सांगितलंत, मी खोडले नाहीत. मग ओविदिओपुढे कागद सरकवलात — 'उंबरठे मोजलेले नाहीत.' सही केली तर वर्षभर नोकरी, नाहीतर शुक्रवारी रस्ता धरा.

तो तुमच्या केबिनमधून सरळ माझ्या टेबलाशी आला.

"केलीत सही?"

"केली."

मी तोंड फिरवलं.

"तुमच्या शीटवर केली हो. खाली 'मोजणी' लिहिलंय ना, तिथे. 'आरेखन' अजून रिकामं आहे. म्हटलं, दोन नावं शेजारी-शेजारी... बरी दिसतील."

मी सही केली.

रविवारी ते शीट आम्ही तुलिओच्या शटरवर डकवलं. अख्खी गल्ली लोटली. जो तो आपापल्या दारावर बोट ठेवू लागला. तुलिओने आपल्या दारापुढचा फरक टेपवर धरून पाहिला. "चौदा सेंटिमीटर! माझ्या मशीनचं पायडल बुडतंय की!"

आणि त्या गलक्यात ओविदिओ, कान लालभडक, म्हणाला, "निदिया, माझ्याकडे नोकरी नाही. छत्रीसुद्धा नाही. लग्न कराल माझ्याशी? हो की नाही, एवढंच सांगा."

"सांग गं लवकर," दोन्या ब्रिसेइदा खेकसल्या, "तव्यावर माझा मक्याचा आरेपा जळतोय!"

मी म्हटलं, "हो."

एका शब्दात, साहेब. सगळ्यांदेखत.

आता तुमची पाळी. नवा कर्ब या उंबरठ्यांच्या खाली ठेवणार आहात का? समिती नको. 'विचाराधीन' नको. आम्ही दोघं तुमच्यासमोर शटरपाशीच उभे आहोत, मागे गल्ली आहे. बोला — हो की नाही?