कोपऱ्यातला ठिपका

दातांचे डॉक्टर तावातावाने ताईंच्या कचेरीत आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, की चोर सापडला नाही तर कॅमेरा विकणार आणि इंटरनेटवरचं आपलं फोटोंचं पान कायमचं बंद करणार.

ताई खाजगी तपास करत. शेजारच्या वकिलांचं काम टिपणं घेणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं. दोन्ही ते मनापासून करत.

डॉक्टर दर रविवारी सकाळी नदीकाठी हौसेने फोटो काढत आणि त्यातला एक पानावर टाकत. लाइक मिळत बारा, त्यातले चार पेशंटांचे. गेले चार महिने मात्र ‘अनामिक’ नावाचा कुणीतरी त्याच जागेचा फोटो त्याच संध्याकाळी टाकत होता आणि लोक त्याला डोक्यावर घेत होते. आता तर वाचनालयाने प्रदर्शनासाठी त्यालाच बोलावलं होतं.

“कुणीतरी माझ्या पाळतीवर आहे,” डॉक्टर म्हणाले.

वकिलांनी कॅमेरा बघायला हात पुढे केला, तर डॉक्टरांनी तो छातीशी धरला. आजवर तो कुणाच्याच हाती दिला नव्हता.

ताईंनी दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावले. डॉक्टरांचा पूल रिकामा, पायऱ्या रिकाम्या, बाकही रिकामं. मध्ये माणूस आला की फोटो वाया, असं डॉक्टरांचं ठाम मत. तीस काढायचे, एक ठेवायचा, बाकीचे संगणकाच्या कचरापेटीत. अनामिकाच्या फोटोत त्याच बाकावर एक आजोबा बुटातला खडा झटकत होते. खाली डॉक्टरांनी रागाने लिहिलं होतं, ‘रचनेची अक्कल नाही.’ दोघांच्याही प्रत्येक फोटोत आकाशाच्या उजव्या कोपऱ्यात काळा ठिपका होता. वकिलांनी टिपून घेतलं: एक पक्षी.

मग चौकशी. डॉक्टरांसोबत फिरायला जाणारा औषधवाला मित्र चहाच्या टपरीवर पेपर वाचत बसे, आणि त्याच्या फोनचा कॅमेरा वर्षभर फुटलेला होता. दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी साहेबांचे फोटो एक्स-रेसारखे दिसतात असं तोंडावर सांगितलं, पण रविवारी त्या पोहायला शिकवत. डॉक्टरांकडेच राहणाऱ्या त्यांच्या सासूबाई गुडघ्यांमुळे घराबाहेरच पडत नसत. जावई दुपारी झोपले की त्या संगणकावर कोडी सोडवत. वकिलांनी त्यांचं नाव तिथल्या तिथे खोडलं.

संध्याकाळी ताईंनी सगळ्यांना डॉक्टरांच्या दिवाणखान्यात बसवलं.

“पक्षी दर रविवारी त्याच कोपऱ्यात येत नाही,” त्या म्हणाल्या. “ती तुमच्या कॅमेऱ्यात अडकलेली धूळ आहे. म्हणजे अनामिकाचे फोटोही याच कॅमेऱ्यातले. आणि कॅमेरा तुम्ही कुणाला देत नाही.”

“मग काढले कुणी?”

“तुम्हीच. माणसं आली म्हणून तुम्ही टाकून दिलेत. ते परत उचलायला नदीवर जावं लागत नाही, दुपारी घरी असावं लागतं.”

वकिलांनी खोडलेलं नाव गुपचूप पुन्हा लिहिलं.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. “फेकवेनात मला ते,” त्या म्हणाल्या. “इतकं छान काढता तुम्ही, आणि तुम्हालाच दिसत नाही. मी सांगितलं असतं तर ऐकलं असतंत का?”

डॉक्टरांचं तोंड त्यांच्या पेशंटांसारखं उघडं राहिलं. चार महिने ते स्वतःवरच जळत होते. आधी त्यांना राग आला, मग लाज वाटली, आणि शेवटी आनंद काही केल्या लपेना.

त्यांनी संगणक सुरू केला, परवाच्या रविवारचे तीसच्या तीस फोटो उघडले आणि आपली खुर्ची सासूबाईंकडे सरकवली.

“बसा आई. प्रदर्शनाला यातला कुठला द्यायचा, ते तुम्हीच सांगा.”