साहेबांचा शेवटचा फोटो

"वहिनी, साहेब गेले! सरळसरळ खून आहे!" फोटोग्राफर दारातूनच ओरडला.

भाऊजींचा चहा बशीत सांडला. साहेब म्हणजे स्टुडिओतला पांढरा ससा, हे त्यांच्या डोक्यात शिरेपर्यंत वहिनींनी चपला घातल्यासुद्धा. लोकांच्या भानगडी उकलणं हा वहिनींचा धंदा, आणि मागून पिशवी सांभाळत चालणं हा त्यांच्या धाकट्या दिरांचा.

स्टुडिओतल्या मखमली खुर्चीत साहेब डोळे मिटून झोपल्यासारखे पडले होते. रडक्या पोरांच्या मांडीवर बसून त्यांना हसवायचं, ही त्यांची नोकरी. शेजारी वाटीत पांढरट लगदा होता.

"हेच ते विष! मावशी भरवत होत्या, मी पाहिलं," फोटोग्राफर म्हणाला. "जेमतेम पाच वर्षांचा होता हो! काकांनी स्टुडिओ हवाली केला, त्या दिवसापासून मी सांभाळला. उद्यापासून मावशींनी कामावर यायचं नाही."

मावशी काकांच्या काळापासून इथे फोटो दुरुस्त करायच्या. कुणाचे मुरूम, कुणाच्या सुरकुत्या पुसायच्या. "मी काही केलं नाही रे," एवढंच त्या म्हणाल्या. या वयात त्यांना दुसरं काम कोण देणार?

तेवढ्यात शेजारचा सलूनवाला आला. "सशाचा बंदोबस्त करतो म्हणालो होतो खरा. माझ्या वायरी कुरतडायचा! पण वर्षभरात पठ्ठ्या फिरकला नाही. परवा तोंडापुढे कंगवा नाचवला, तरी ढिम्म!"

"कामात मुरला होता," फोटोग्राफर म्हणाला. "आधी फ्लॅश उडाला की टुणकन उडी. हल्ली कानसुद्धा हलवायचा नाही."

वहिनींनी साहेबांचे झिजलेले दात पाहिले. डाव्या कानाला खाच होती. मग त्या भिंतीवरच्या फोटोपाशी थांबल्या. पुढचे दात पडलेली मुलगी, मांडीवर ससा, डाव्या कानाला खाच.

"ही कोण?"

"ती? आता कॉलेजात जाते. काकांनी काढलेला फोटो. ससाही त्यांचाच कुठलातरी."

"मावशी, परवाचे फोटो दाखवा. दुरुस्तीआधीचे."

मावशींनी कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर साहेब आले. दोन्ही डोळे दुधाळ होते.

"अगं बाई!" भाऊजी म्हणाले.

"विष नाही," वहिनी फोटोग्राफरला म्हणाल्या. "भिजवलेला कोंडा आहे, झिजलेल्या दातांसाठी. कंगवा दिसला नाही, फ्लॅश दिसला नाही, कारण साहेब आंधळे झाले होते. कानाची खाच सांगते, ससा तोच. दहा-अकरा वर्षांचा, म्हणजे आजोबाच! तुम्ही आलात तिथून त्याचं वय मोजलंत. आणि मावशी रोज फोटोत त्याचे डोळे काळे करायच्या. फोटो काढताना तुमचं लक्ष पोरांच्या हसण्यावर, आणि नंतर बघायचात ते दुरुस्त केलेलेच फोटो. साहेब म्हातारपणाने गेले, तेही पोटभर खाऊन."

"अहो मावशी, सांगायचं नाही का?" फोटोग्राफर म्हणाला.

मावशींचा बांध फुटला. "तूच म्हणायचास, म्हातारं या धंद्यात चालत नाही. वाटलं, आज तो, उद्या मी."

फोटोग्राफरने कान पकडले. "चुकलो. जीभ झडो माझी. तुम्ही कुठेही जायचं नाही." मग त्याने दुधाळ डोळ्यांचा तो फोटो तसाच छापला, भिंतीवर मधोमध लावला आणि कॅमेरा उचलला. "बसा इथे. भिंतीवर साहेबांशेजारी तुमचा फोटो हवा. अगदी खराखुरा."

मावशींनी पदराने डोळे पुसले, केस सारखे केले.

"काढ. पण माझ्या सुरकुत्या ठेवशील, तर मीच नोकरी सोडीन!"