एक्स-रेमधला तिसरा हात

आधीच सांगते, मला भुताखेतांच्या गोष्टींची आवड नाही. हे पेज माझी मैत्रीण वाचते. तिनेच लिही म्हणून गळ घातली. मी यात पदरचं काही घालणार नाही. जे बघितलं तेवढंच लिहिते. माणसांची नावं बदलली आहेत आणि हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. बाकी सगळं घडलेलं आहे.

रात्र वगैरे नव्हती.

शनिवार, १८ नोव्हेंबर २०२३. दुपारचे पावणेतीन. लख्ख ऊन.

मी वैभवी. मुळशीतल्या भरे गावची. वडील अजून मेंढरं राखतात, आई उरवड्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. बारावीच्या पुढे शिकलेली घरातली मी पहिलीच. तेव्हा रेडिओग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला होते. म्हणजे एक्स-रे काढायचं शिक्षण. वर्गातलं शिकून झालं की हॉस्पिटलात पोस्टिंग असतं. माझं पिरंगुटच्या पुढे, एका चाळीस खाटांच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात होतं. काढलेला प्रत्येक एक्स-रे लॉगबुकात लिहायचा आणि त्यावर सरांची सही घ्यायची. सह्या कमी पडल्या तर परीक्षेला बसू देत नाहीत.

सर म्हणजे मनीष सर, तिथले टेक्निशियन. पुण्याहून रोज मोटरसायकलवर यायचे. कमी बोलायचे.

दिवाळी नुकतीच झाली होती. ओपीडी बंद. सगळं हॉस्पिटल झोपल्यासारखं.

पावणेतीनला पुरुष वॉर्डातून फोन आला. सहा नंबर बेड, छातीचा एक्स-रे. पेशंटला खाली आणता येत नव्हतं, म्हणून चाकांचं मशीन वर न्यायचं होतं.

सरांनी नुकताच डबा उघडला होता. म्हणाले, "तू मशीन घेऊन हो पुढे. मी आल्याशिवाय बटण दाबू नकोस."

मी गेले.

सहा नंबरला हैबतराव नावाचे आजोबा होते. नेरे गावचे. तिथे त्यांचं दोन मजली घर, वरच्या खोल्या आयटीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या. पण आजारी पडल्यावर मुलांनी त्यांना उरवड्याला लेकीकडे आणून सोडलं होतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. अर्धवट बसलेले. धाप लागलेली.

आणि बेडच्या पलीकडे एक बाई उभी होती.

हिरवं नऊवारी. डोक्यावरून पदर. वय साठीच्या पुढचं. ती आजोबांकडेच बघत होती, म्हणून तिचा चेहरा मला नीट दिसला नाही.

मी म्हणाले, "आजी, जरा यांना पुढे धरता का? मला पाठीमागे ही प्लेट सरकवायचीय."

तिने आजोबांच्या पाठीखाली हात घातला आणि त्यांना पुढे केलं. मी ती प्लेट, म्हणजे एक्स-रेची कॅसेट, सरकवली.

ती एवढंच म्हणाली, "लई जड झालाय."

सरांची दहा मिनिटं वाट बघितली. ते आले नाहीत. नर्स म्हणाली, "काढ की गं, डॉक्टर ओरडतील मला." मग मी काढला. ती माझी चूक होती. कबूल करते.

"एक्स-रे...!" म्हणून ओरडले. जवळच्यांनी लांब व्हावं म्हणून असं ओरडायचं असतं. वर बघितलं. बेडच्या पलीकडे कोणी नव्हतं. बाई बाजूला झाली होती. मी बटणाची वायर लांब ओढून मागे सरकले.

"आजोबा, श्वास घ्या... धरा..."

बटण दाबलं.

त्याच क्षणी बांगड्या वाजल्या.

अगदी जवळ... बेडपाशी.

मी परत बघितलं. कोणी नव्हतं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पेशंटच्या माणसाची काहीतरी खूण असते. पिशवी, पाण्याची बाटली, बेडखाली चपला.

सहा नंबरपाशी काहीच नव्हतं.

खाली येऊन मी कॅसेट रीडरमध्ये घातली. सर हात धुऊन आले होते. परवानगीशिवाय काढला म्हणून त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग स्क्रीनवर चित्र उमटलं.

फासळ्या. हृदय. उजव्या फुप्फुसात खाली पांढरं.

आणि डावीकडून आत आलेली चार बोटं. मनगटाशी बांगड्यांची वर्तुळं.

सर म्हणाले, "हा हात कोणाचा?"

मी म्हणाले, "त्यांच्याजवळ एक आजी होत्या. पण बटण दाबलं तेव्हा नव्हत्या, सर. मी बघितलं होतं."

"नव्हत्या तर हे काय आहे? तिला शिशाचा ॲप्रन दिला होतास?"

"नाही."

"वैभवी, तू नातेवाईकाला रेडिएशन दिलंस. हे मला कॉलेजला कळवावं लागेल. पोस्टिंग रद्द होऊ शकतं तुझं."

ऐकून मला काहीच वाटलं नाही. नुसती उभी राहिले. डोळ्यांसमोर आईचे हात आले, खोक्यांच्या टेपने कापलेले. तेवढंच.

दुसरा एक्स-रे काढायला सर स्वतः आले. दुसरी कॅसेट घेतली.

वॉर्डात सगुणामावशी फरशी पुसत होत्या. त्या तिथल्या जुन्या आया. सरांनी विचारलं, "सहा नंबरची ती म्हातारी बाई कुठे गेली?"

"कोन बाई? सकाळपास्नं एकलाच हाय तो. लेक पाचला येनार हाय त्येची."

"हिरवं लुगडं नेसलेली..." मी म्हणाले.

"आगं पोरी, मी हितंच हाय की बारापास्नं. न्हाई कुनी आलं."

सरांनी पडदा ओढून घेतला. स्वतः कॅसेट लावली. बेडच्या चारी बाजूंनी फिरून बघितलं. खाली वाकूनही बघितलं.

बटण दाबलं.

या वेळी कसलाच आवाज आला नाही. आजोबांच्या घशाची घरघरसुद्धा... तेवढा वेळ थांबली होती.

खाली स्क्रीनवर चित्र आलं.

हात होता.

आता फक्त बोटं नव्हती. कोपरापर्यंत अख्खा हात आत आला होता. पंजा मानेच्या मागे पोचला होता.

सर खुर्चीत बसले. मग बोलायला लागले, ते वर्गात शिकवतात तसे. मला वाटतं, दुसरं काय करावं ते त्यांनाही सुचत नव्हतं.

"अनामिकेचं शेवटचं पेर नाही. तुटलंय. हे तळहाताचं हाड बघ, मोडून वाकडं जुळलंय. हेही. वेगवेगळ्या वेळी मोडलेली आहेत. प्लास्टर कधीच झालेलं नाही." त्यांचं बोट खाली सरकलं. "आणि हे कोपराखालचं, करंगळीच्या बाजूचं हाड. मधोमध मोडलेलं. हे असं कधी मोडतं, सांग."



सरांनी स्वतःचा हात डोक्यापुढे आडवा धरला. कोणी मारायला आल्यावर धरतात तसा.

"असं केलं की. काठी इथे बसते."

मग म्हणाले, "कॉलेजचं राहू दे."

आम्ही वर गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. सरांनी आजोबांचा मास्क थोडा बाजूला केला आणि विचारलं, "बाबा, तुमच्याजवळ कोण होतं?"

आजोबांनी डोळे उघडले. घाबरलेले होते ते. आधीपासूनच घाबरलेले होते, आम्हाला ती धाप वाटत होती.

"तुमास्नी दिसली व्हय?"

सर त्यांच्या तोंडाजवळ वाकले.

"आट दिस झालं. सोडंना." एकेका शब्दाला ते थांबत होते. "तुमच्या मशनीत कळतं का वो... मला उचलतीया... का वढतीया?"

सरांनी मास्क परत लावला.

पाच वाजता लेक आली. मालनताई. चाळिशीच्या पुढच्या. हातात डब्याची पिशवी. सरांनी त्यांना खाली बोलावलं आणि स्क्रीन दाखवली. विचारलं फक्त एवढंच, "हा हात ओळखता का?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"आईचा हाय."

"त्या कुठे असतात?"

"सा वर्सं झाली जाऊन." त्या स्क्रीनजवळ गेल्या. बोट लावलं नाही, नुसतं दाखवलं. "ह्ये बोट कडबाकुट्टीच्या मशनीत गेलं व्हतं. मी धाकटी व्हते. ह्ये बाकीचं... ह्ये कुटं कुटं मोडलंय ते आमाला ठावंच नव्हतं. ती सांगायची न्हाई. बाचा हात उठायचा. रोजचंच व्हतं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापायची त्याच हातानं."

रडल्या नाहीत. मी पण नाही.

मग त्यांनी सरांना विचारलं, "ह्यात ती काय करतीया, सायेब?"

सर म्हणाले, "आधार दिल्यासारखा दिसतोय हात."

मालनताई एकदम वळल्या आणि जिना चढून वर गेल्या. आम्ही मागोमाग.

त्या वडिलांकडे गेल्याच नाहीत. बेडच्या पलीकडे गेल्या. जिथे दुपारी ती बाई उभी होती, बरोबर तिथे. त्या जागेबद्दल मी त्यांना एक शब्द सांगितला नव्हता.

समोरच्या रिकाम्या हवेकडे बघून म्हणाल्या, "आई, सोड त्याला. त्यानं तुला कदी धरलं व्हतं का? आता बास झालं. जा तू."

काही झालं नाही.

मग आजोबा खाली गेले.

पडले नाहीत. हळूहळू मागे मागे जात राहिले... कोणीतरी पाठीमागचा हात सावकाश काढून घ्यावा तसे. पाठ गादीला टेकली. डोकं टेकलं.

सगुणामावशींच्या हातातलं फडकं गळालं.

"आगं बाई... त्येच्या पाठीला उशी न्हवती."

नव्हती. त्या बेडची डोक्याकडची बाजू वर करायचं हँडल दिवाळीआधीच तुटलं होतं. बेड सपाट होता. दुपारपासून मी, नर्स, सर, सगळ्यांनी त्या माणसाला अर्धवट बसलेला बघितला होता... आणि तो कशाला टेकून बसलाय हे एकानेही बघितलं नव्हतं.

त्यानंतर त्यांचा श्वास बिघडला. डॉक्टर धावत आले. पुण्याला हलवायचं ठरलं, ॲम्ब्युलन्सला फोन गेला. डॉक्टर म्हणाले, तोवर एक एक्स-रे काढा.

तिसरा एक्स-रे.

मीच कॅसेट लावली. बटण सरांनी दाबलं. खाली आलो. चित्र उमटलं.

पाठीमागे हात नव्हता.

मी श्वास सोडला. सरांनी सोडला नाही. ते चित्राच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होते.

तिथे, अगदी कडेला, फक्त कोपराखालचा भाग होता. मोडून जुळलेल्या हाडासकट. आडवा. वर उचललेला.

मघाशी सरांनी करून दाखवला होता... तसा.

सरांनी माउस घेतला. चित्राची वरची कडा कापली आणि उरलेलं डॉक्टरांना पाठवलं. नंतर माझ्या लॉगबुकात सही केली. म्हणाले, "एकच लिही. तीन लिहू नकोस."

ॲम्ब्युलन्स यायच्या आधी, सव्वासात वाजता हैबतराव गेले.

मी घरी आले. जेवले. झोपलेसुद्धा. भीती वाटली असती तर बरं झालं असतं असं आता वाटतं. पोस्टिंग पुरं झालं, परीक्षा झाली, पास झाले. मनीष सरांनी पुढच्याच महिन्यात ते हॉस्पिटल सोडलं. मी एकदा फोन केला होता. इकडचं तिकडचं बोलले. तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

आता मी हिंजवडीजवळ एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये काम करते. दिवसाला साठ-सत्तर एक्स-रे होतात. प्रत्येक चित्राचे चारही कोपरे आधी बघते, मग मधलं. बरोबरच्या मुली हसतात.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे.

गेल्या महिन्यात पिरंगुटच्या बाजारात मालनताई भेटल्या. त्यांनीच मला ओळखलं. हातात मेथीच्या जुड्या होत्या. चौकशी केली, नोकरी लागली म्हटल्यावर गालावरून हात फिरवला. मी निघणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"पोरी, एक इचारू? मी आईला जा म्हनले, आनि बा गेला. सोडवली मी तिला. व्हय ना? त्या शेवटच्या फोटूत न्हवती ना ती?"

बाजूला भाजीवाला ओरडत होता. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी म्हणाले, "नव्हती."

"न्हवती ना..." असं दोनदा म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच रडल्या. तिथेच, रस्त्यावर. मग डोळे पुसून, जुड्यांतली एक माझ्या पिशवीत घालून निघून गेल्या.

त्या आडव्या हाताबद्दल त्यांना कधीच सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहिलं.