हेइलालाचा वास

"बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही हं, पोरी. ते उंचावरचं असतं."

लुपेआत्याचा हा आवाज मी लहानपणी टोंगातल्या आमच्या अंगणात ऐकला. पुढं ऑकलंडला येऊन डॉक्टर झाले, तरी तो नियम मोडला नाही. बाबांच्या डोक्यावर हात ठेवायचा मान एकट्या आत्याचा, कारण आमच्यात बहिणीचा मान भावाहून मोठा, घरात सगळ्यांत वरचं पान तिचं. ती खोबरेल चोळायची आणि बाबा राजासारखे डोळे मिटून बसायचे.

जानेवारीतल्या एका रविवारी प्रार्थनेनंतर सभागृहात जेवणं चालली होती. अळूच्या पानात भाजलेलं मांस सोडवत बाबा शेजारच्या म्हाताऱ्याला सांगत होते, "आमची लोसा मेंदूतल्या गाठी ओळखते. शंभरावर जाती त्यांच्या. एकेकीला नावानं हाक मारते."

"माझ्या सुनेच्या डोक्यात कुठली आहे, विचार तिला."

"सून शहाणी आहे," आत्या म्हणाली. "आधी तुझं दाखव."

हसता हसता बाबा थांबले. नाकपुड्या फुलल्या.

"हेइलालाचा हार कुणी आणलाय?"

कुणीच नाही. ती लाल फुलं आमच्या बेटावर जूनमध्ये येतात. आजीला मातीत ठेवताना तिच्या गळ्यात त्यांचाच हार होता. बाबांची नजर थिजली, तोंडात घास नसताना ओठ चघळल्यासारखे हलले. मग काहीच न झाल्यासारखे ते पुन्हा जेवू लागले.

मी पाहिलं त्याला माझ्याकडे नाव होतं. कुणाला पहाटेची डोकेदुखी आणि उलटी, कुणाला आकडी, कुणाची नजर कडेनं विझत जाते. कानशिलामागच्या भागावर दाब आला, तर नसलेला वास येतो. स्कॅनमध्ये गाठ दिसली. उजव्या कानशिलाच्या हाडाला टेकून, लिंबाएवढी. ती मेंदूच्या आतून उगवलेली की त्याच्या वेष्टणातून, चार श्रेणींपैकी कितवी, एवढ्यावर बाबांचं उरलेलं आयुष्य अडलं होतं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी नर्सनं केस काढायचं मशीन माझ्यापुढं धरलं. मी मागं सरले. आत्यानं ते घेतलं.

"नीट कर," बाबा म्हणाले. "परकी माणसं आत यायची आहेत. घर झाडलेलं दिसू दे."

उजव्या कानशिलापाशी आत्याचा हात थबकला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

निदान माझा सहकारी हॅमिश करणार होता. मी त्याच्याच सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या भिंगाला डोळा लावून बसले. गुलाबी पेशी एकमेकींभोवती गुंडाळलेल्या होत्या, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशा.

"वेष्टणातली. मेनिंजिओमा," हॅमिश म्हणाला. "पहिली श्रेणी. सगळ्यांत सौम्य."

माझे डोळे भरून आले. ज्या डोक्यावरून मी कधी हात फिरवला नव्हता, त्याच्या आतलं माझ्यासमोर उजेडात पसरलं होतं. ऊर अभिमानानं भरला आणि मग भीतीही वाटली.

उरलेल्या तुकड्याची बाटली मी उचलली.

"हॅमिश, हिला कसला वास येतोय?"

"फॉर्मलिनचा. दुसरा कसला येणार?"

मी झाकण आवळलं. वास गेला नाही.

वॉर्डात बाबांनी पट्टी बांधलेलं डोकं उशीवर उंच धरलं होतं. "पहिली आली," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. "आमच्या घरात दुसरा नंबर कुणी आणलाच नाही."

"आणि तो वास, बाबा?"

"गेला. तुमचं ऑपरेशन झालं आणि गेला." त्यांनी दाराकडे पाहिलं. "आई उठून गेल्यासारखं वाटतंय."

खोली हेइलालानं भरली होती.

मी खिडकी उघडली.

वास वाढला.

आत्या माझ्याकडेच बघत होती. बाबांचा डोळा लागल्यावर तिनं मला जवळ ओढून घेतलं आणि माझ्या केसांत बोटं घातली. ती बोटं उजव्या कानशिलापाशी येऊन थांबली.

"यायला लागला ना?"

मी मान हलवली.

"आमच्या आईला इथंच होतं. तुझ्या सेमिसीकाकालाही. तुला पदवी मिळाली त्या सकाळी तेल लावताना हाताला लागलं होतं. पण सगळं गाव तुझ्याकडे बघत होतं, पोरी. मान किती ताठ होती तुझी. म्हणून बोलले नाही."

तिचं बोट हळूच गोल फिरलं.

"तेव्हा पपईच्या बीएवढं होतं."