नाकाने कांदे सोलणारी

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की टेकडीखालचा समुद्र नुसता ऐकू येत होता. अशा गार हवेत द्राक्षं सावकाश पिकतात, त्यांचा आंबटपणा टिकतो, म्हणून बागवाले धुक्याला नावं ठेवत नाहीत. गिऱ्हाईक मात्र फिरकत नाही. त्यामुळे वाइनची चव घ्यायच्या खोलीचं दार ढकलून कोणी आत आलं, तेव्हा बागवाल्याची मुलगी जराशी दचकलीच.

गावात तिला सगळे नाकबाई म्हणत. नुसता पेला हुंगून ती सांगायची, द्राक्षं कुठल्या उतारावरची आणि वाइन कुठल्या टाकीतली. तोराही तेवढाच होता हो. दुसऱ्याच्या वाइनला असं नाक मुरडायची की लोक म्हणत, ही बाई नाकाने कांदे सोलते.

आलेला माणूस बंदरावरच्या खाणावळीचा नवा आचारी होता. त्याने काखेतली उघडलेली बाटली टेबलावर ठेवली.

"तुमचीच ना ही? जरा चव घेऊन बघता?"

तिने पेल्यात थोडी ओतली, फिरवली, हुंगली, घोट तोंडात घोळवून शेजारच्या भांड्यात थुंकला. मग डोळे मिटून म्हणाली, "लिंबाची साल. हिरवं सफरचंद. आणि शेवटी... मीठ. छान उतरलीय."

तो बघतच राहिला. तेवढ्यात बाबा तळघरातून वर आले. "काय हो, काही तक्रार?"

"छे," आचारी म्हणाला, "आवडली, तेवढं सांगायला आलो." आणि बूच लावून बाहेर पडला.

टोपी मात्र विसरला. ती घेऊन नाकबाई धुक्यात त्याच्या मागे गेली. तो फाटकापाशी उभाच होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"बूच खराब आहे या बाटलीचं. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मारतोय. परत द्यायला आणली होती मी... भांडायच्या तयारीने."

बुचाचा वास तर बागेत नवं आलेलं माणूसही ओळखतं.

"तापाने पडले होते," ती म्हणाली, "उठले तेव्हा वास गेला होता." हे ती पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होती. "आता वाइन म्हणजे जिभेवर आंबट पाणी. पाठ केलेलं बोलते. बाबांना माहीत नाही. त्यांनी माझ्या नाकाच्या भरवशावर बाग सोपवलीय... तुम्ही कोणाला सांगाल?"

"मी आचारी आहे," त्याने टोपी डोक्यावर ठेवली, "दवंडी पिटणारा नाही."

त्यानंतर दुपारची जेवणं उरकली की तो टेकडी चढून यायला लागला. तो हुंगायचा, सांगायचा – आणि ती त्यावरून काय ते समजायची.

"लिंबू?"

"नुसतं लिंबू नाही. लिंबू चिरून फळी धुतली, की मागे राहतो ना... तो."

"आणि ही?"

"शाळेतली पाटी. ओल्या फडक्याने पुसलेली."

तिला हसू फुटलं. इतक्या वर्षांत आपल्या वाइनबद्दल असं कोणी बोललं नव्हतं.

"आता तुम्ही सांगा," तो जरा पुढे झुकला, "माझा वास कसा असेल?"

"आचाऱ्याचा कसा असणार? कांद्याचा."

"चूक. आज मासे होते."

त्याचं नाक उसनं घ्यावं लागतं, याचा आधी तिला राग यायचा. मग राग गेला, आणि दुपार कधी होते असं व्हायला लागलं. फाटक वाजलं की हात उगाच केसांकडे जायचा. तिचा त्याच्यावर जीव जडला होता, आणि हे तिला कळतही होतं.

बाटल्या भरायचे दिवस जवळ आले. सगळ्या टाक्यांमधली वाइन एकत्र करायची होती. एकदा मिसळली की मिसळली, मग वेगळी काढता येत नाही. बाबा म्हणाले होते, "तू सांगशील तसं."

आदल्या दुपारी शेवटच्या टाकीतला पेला हुंगून आचाऱ्याचा चेहरा पडला.

"कोबी उकडून झाकून ठेवल्यासारखा वास येतोय."

"नक्की?"

"कोबी मी ओळखतो. वाइन ओळखत नाही. बाबांना विचारा."

"बाबांना कसं विचारू? मी त्यांना छान आहे म्हणून सांगून बसलेय. त्यांनी मान डोलावली." तिचा आवाज चढला. "तुम्हीच सांगा ना, ही टाकी घेऊ की नको? बाबांना कळायचं कारण नाही."

त्याने पेला खाली ठेवला. "मी तुमचं नाक होईन. जन्मभर होईन म्हणाल तर होईन. पण त्या म्हाताऱ्या माणसाला फसवायला नाही."

"मग येऊ नका," ती म्हणाली.

तो गेला. जन्मभर या शब्दाचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला, तोवर फाटक वाजून बंद झालं होतं.

सकाळी नळ्या जोडल्या गेल्या. शेवटच्या टाकीच्या तोटीवर हात ठेवून बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"सोडू?"

"बाबा, थांबा," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. ताप, पाठ केलेली वाक्यं, आचाऱ्याचा कोबी.

बाबा एका पालथ्या क्रेटवर बसले.

"कोबीचा वास मला केव्हाचा येतोय," ते म्हणाले. "तू छान म्हणालीस, तेव्हा वाटलं, आपलंच नाक म्हातारं झालं. रोज सकाळी कॉफी हुंगून बघायचो, येतोय ना म्हणून."

तिला रडू आवरेना. स्वतःचं गेलेलं नाक लपवता लपवता तिने बाबांचंही काढून घेतलं होतं.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाक गेलं तर जाऊ दे बाळ. पण मला खरं सांगत जा." मग उठून तोटीवरची नळी काढली. "ही टाकी बाजूला राहू दे. हवा दिली की कधी कधी वास जातो."

दुपारी ती बाटली घेऊन टेकडी उतरली. खाणावळीच्या मागच्या दारात आचारी कांद्यांचा ढीग घेऊन बसला होता.

"बाबांनी पाठवलीय," तिने बाटली पुढे केली. "बूच चांगलं आहे. त्यांनी स्वतः हुंगलंय."

तो उभा राहिला. "सांगितलंत?"

"सांगितलं. आता मला कोणी नाकबाई म्हणणार नाही."

"रडताय?"

"कांदा आहे. डोळ्यांना झोंबतोच की... नाकाला कळत नाही, एवढंच."

त्याने हात कसाबसा पुसला आणि तिच्या गालावरचं पाणी टिपलं. तिने एकदम त्याचं मनगट धरलं आणि श्वास रोखून उभी राहिली.

"काय झालं?"

"कांदा," ती हळूच म्हणाली. "वास आला... खरंच आला." तिने पुन्हा श्वास घेतला. "गेला."

"येईल परत."

"आणि नाही आला तर?"

"मी सांगत जाईन. आज कांदा, उद्या मासे... तुला रोज सांगेन."

तिने त्याचा तळहात नाकापाशी घट्ट धरला. आजवर ती त्याला अहो-जाहो करत आली होती.

"हात काढू नकोस," ती म्हणाली.

त्याने काढला नाही.