एक ठोका म्हणजे थांब

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे. विश्वास बसला तर ठीक, नाही बसला तर तुमचं तुमच्यापाशी. मी काही शपथा घेत बसणार नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. इथे रात्र नाही. भर दुपार होती, जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. जागा म्हणजे ऑफिसांची एक उंच बिल्डिंग. तळमजल्यावर दातांचा दवाखाना, वर ऑफिसं आणि सगळ्यांना मिळून एकच लिफ्ट.

त्याच लिफ्टखाली माझे काका गेले होते. मावशीचे यजमान.

काका लिफ्ट मिस्त्री होते. लिफ्टचं मेन स्विच गच्चीवरच्या खोलीत असतं. तळाच्या खड्ड्यात उतरायचं तर आधी वर जाऊन मेन बंद करायचं, त्यावर आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. म्हणजे खाली माणूस असताना वर कुणी चालू करू नये. बाकीचे मिस्त्री कधी लावायचे, कधी विसरायचे. काका मात्र जेवायला गेले तरी कुलूप काढायचे नाहीत. काम संपेपर्यंत ते तिथेच.

सगळे त्यांना कुलूपराव म्हणायचे. "घरी बायकोलाही कुलूप लावून येता का हो?" काका हसायचे. कुलूप तिथेच राहायचं.

त्यांची दुसरी सवय ठोक्यांची. लिफ्टच्या पोकळीत आवाज घुमतो, बोललेलं काही कळत नाही. म्हणून मिस्त्री लोक पान्याने लोखंडी रुळावर ठोका देतात. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. समोरच्याने तेवढेच ठोके परत दिले की समजायचं, निरोप पोचला.

काकांनी हे घरीही आणलं होतं. बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. आत अंगाचं ग्रीस घासत असताना ते भिंतीवर ठोकायचे. एक ठोका, म्हणजे थांब, एवढ्यात वाढू नकोस. दोन, म्हणजे वाढ. मावशी लाटण्याने उत्तर द्यायची. "बोलायला तोंड दिलंय देवाने," असं म्हणायची, पण लाटणं हाताशीच ठेवायची.

त्या दिवशी काका खड्ड्यात होते. कंपनीने त्यांच्या जोडीदाराला ऐनवेळी दुसरीकडे पाठवलं होतं. वर राखायला कुणी नव्हतं. लिफ्ट खाली आली.

बस. त्याबद्दल याहून जास्त मी सांगणार नाही.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. बिल्डिंगवाले म्हणाले, देखभालीची जबाबदारी लिफ्ट कंपनीची. कंपनी म्हणाली, मेन स्विचची खोली बिल्डिंगच्या ताब्यात. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. चूक मेलेल्याची. त्याने कुलूप लावलंच नव्हतं.

कारण कुलूप सापडलंच नाही.

किल्ली मात्र काकांच्या खिशात होती. कपड्यांबरोबर घरी आली. पानाही आला. किल्ली आहे आणि तिचं कुलूप नाही, हे मावशीने सगळ्यांना सांगून पाहिलं. कंपनीचा माणूस घरी एक कागद घेऊन आला. मिस्त्रीच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला असं लिहिलं होतं. सही करा, म्हणाला, प्रकरण लवकर मिटेल, तुमच्याही पदरात काहीतरी पडेल.

मावशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून तिचे दंड पैलवानासारखे झालेत. तिने तो कागद त्याच्याच खिशात कोंबला आणि त्याला दारापर्यंत पोचवलं.

"जो माणूस जेवतानासुद्धा कुलूप काढत नव्हता," ती म्हणाली, "त्याला मी माझ्या सहीने निष्काळजी म्हणू?"

केस उभी राहिली. मधल्या काळात लिफ्ट दुरुस्त होऊन चालू झाली होती. पण दवाखान्यातली नर्स गच्चीवर डबा खायला जिन्याने जायला लागली. मग वरच्या ऑफिसातलेही. दुपारी लिफ्ट तळमजल्याला टेकली की खालून...

एक ठोका यायचा.

बिल्डिंगचा मॅनेजर म्हणायचा, पाइप तापतात.

शेवटी कोर्टाने जागेची पाहणी करायला एक वकील नेमला. अशा माणसाला कोर्ट कमिशनर म्हणतात. तो त्या दुपारी आला. मॅनेजर होता, दोन्हीकडचे वकील होते, मावशी होती. काकांचा जोडीदार गच्चीवरच्या खोलीत होता, त्याला फोनवर ठेवलं होतं. खड्ड्याचं दार बंद होतं आणि त्याची चावी कमिशनरच्या हातात होती.

मॅनेजर खुशीत होता. "साहेब, लिफ्ट अगदी ठणठणीत आहे. मी स्वतः वर जाऊन येतो, बघा."

तो आत गेला. दार लागलं. दाराला एक उभी काच होती, त्यातून त्याचा हसरा चेहरा दिसत होता.

लिफ्ट हलणार, एवढ्यात...

ठक.

खालून. एकच.

तो पाइप नव्हता. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून येणारा ठोका होता तो. आधी हलकीशी खरखर, मग एकदाच जोरात. तो हात मावशीने ओळखला.

लिफ्ट जागची हलली नाही.

"खाली कोण आहे?" कमिशनरने विचारलं. त्याने हातातल्या चावीकडे पाहिलं.

फोनवरून जोडीदाराचा आवाज आला. धाप लागलेला. "कोणी ठोका दिला? मी मेन बंद केलंय. वर माझं कुलूप घातलंय. आधी खालचा माणूस बाहेर काढा."

"खाली कोणी नाहीये," कमिशनर म्हणाला.

फोनमधून वरचं कुलूप ओढून पाहिल्याचा आवाज आला.

आणि मग... मेन बंद असलेली लिफ्ट खाली जायला लागली.

वीतभर. थांबली. ठक. पुन्हा वीतभर.

तळमजल्याच्या खाली जायला जागाच नसते. असतो तो फक्त खड्डा.

काचेतला चेहरा हळूहळू खाली सरकत होता. आता तो हसत नव्हता. "चालू कुणी केली? बंद करा, बंद करा म्हणतो ना!"

"बंदच आहे," फोनवरून जोडीदार म्हणाला.

ठक.

काचेत आता फक्त कपाळ आणि डोळे राहिले होते. आतून दारावर बुक्क्या बसत होत्या. आणि मॅनेजर बोलायला लागला. कुणी विचारलं नव्हतं.

"होतं कुलूप! मीच कापायला लावलं. मोठे पाहुणे यायचे होते, लिफ्ट हवी होती. मला वाटलं कुलूपराव जेवायला गेला असेल. तो जेवतानाही कुलूप काढत नाही, सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. खाली डोकावून बघायला हवं होतं... नाही बघितलं. कुलूप गटारात टाकलं मी. आता थांबवा याला."

बिल्डिंगचा वकील त्याला गप्प बसायला सांगत होता. कमिशनर लिहीत होता.

ठक.

डोळेही गेले. काचेत नुसते केस दिसत होते.

मावशीला सगळ्यांनी मागे ओढलं. ती ढिम्म हलली नाही. तिने पिशवीतून काकांचा पाना काढला, दाराच्या पोलादी चौकटीवर नेम धरला आणि एक ठोका दिला. असा की दवाखान्यातले पेशंट बाहेर आले.

एक. म्हणजे थांब.

"अहो, बस झालं," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "मला हा जिवंत हवाय. कोर्टात. सगळ्यांसमोर."

लिफ्ट थांबली.



मग मावशीने दोन ठोके दिले आणि वाट पाहिली. निरोप पोचला की तेवढेच ठोके परत येतात.

बराच वेळ काही नाही...

मग खालून, अगदी दमून आल्यासारखे, दोन ठोके आले.

लिफ्ट वर सरकली आणि तळमजल्याला येऊन लागली. दार उघडलं. मॅनेजर कोपऱ्यात बसला होता. त्याच्या पँटचं काय झालं होतं ते मी लिहीत नाही.

जोडीदार जिन्याने धावत खाली आला. त्याच्या मुठीत किल्ली होती. मेन अजून बंदच होतं आणि कुलूप त्याने लावलं होतं तसंच होतं. खड्डा उघडून पाहिला. खाली धूळ होती, तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

कमिशनरच्या अहवालात एवढंच आहे की पाहणीच्या वेळी लिफ्ट काही काळ बंद पडली. बाकीचं लिहायची त्याची छाती झाली नाही. मॅनेजरचं बोलणं मात्र शब्दन् शब्द आहे. कोर्टाने बिल्डिंग आणि कंपनी, दोघांनाही जबाबदार धरलं. मृताची कोणतीही चूक नव्हती, असं निकालात स्पष्ट लिहिलंय. मावशीने ते वाक्य मला चार वेळा वाचायला लावलं.

मला वाटलं, संपलं. काका सुटले.

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे होतो. संध्याकाळची वेळ. वकिलाचा फोन आला. दोघांनीही वरच्या कोर्टात अपील केलंय. पुन्हा तेच, चूक मिस्त्रीची. मावशी मटकन खाली बसली. इतक्या वर्षांत तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"दमले रे मी," ती म्हणाली. "आता जाऊ दे."

तेवढ्यात बाथरूमच्या भिंतीवर...

ठक. ठक.

मी उठून पाहिलं. बाथरूमचं दार सताड उघडं होतं. फरशी कोरडी होती. आत कुणी नव्हतं.

मी परत आलो तेव्हा मावशी उभी होती. तिने लाटणं उचललं, भिंतीवर दोन ठोके परत दिले आणि चप्पल शोधायला लागली.

"वकिलाकडे जायचंय," ती म्हणाली. "येतोस का?"

मी गेलो. वकिलाचं ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं. मावशी लिफ्टने गेली. मी जिन्याने.