पुढे घे, ओलेटा

ट्रेव्हिस, त्या लाकडाला उगाच ढोसू नकोस रे, पेटेल ते आपलं आपण. बसा दोघं. मघाशी व्हॅनमागची गाडी सोडवताना तुम्ही नवरा-बायको जे काही भांडत होतात ना, ते व्हॅनवाल्यांच्या या अख्ख्या तळावर ऐकू आलं. "पुढे घे! अगं, पुढे म्हटलं ना!" त्यावरूनच मला व्हर्लिन आठवला. व्हर्लिन स्ट्राउड. तीन हिवाळे या तळावर माझ्या शेजारच्याच जागेत होता. तेव्हा हे कुणाच्या मेहुण्याच्या मित्राचं नाही हं, माझ्या रोजच्या बघण्यातल्या माणसाचं आहे.

व्हर्लिनची व्हॅन तुमच्यासारखीच, आटोपशीर. आत एक पलंग, एक शेगडी, संपलं. आणि मागे दांड्याला जोडलेला बेडूक. मागे ओढत न्यायच्या गाडीला आपल्यात बेडूकच म्हणतात, का ते मला विचारू नका. पांढरी, दोन दारांची, चिमुकली गाडी होती ती. व्हॅन एकदा तळावर लावली की बाजाराला, दवाखान्याला बेडूक घेऊन जायचं. त्यासाठीच तर आपण सगळे हे लोढणं ओढत ॲरिझोनाभर फिरतो.

बेडकाचं सगळं काम त्याच्या बायकोकडे, ओलेटाकडे. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. दांडा जोडताना आत बसायची ती, सोडवताना आत बसायची ती, मागे उभं राहून दिवे लागतात का बघायची ती. आणि हा दांड्याच्या पिनेपाशी वाकून केकाटायचा. "पुढे घे! पुढे कळतं का तुला? तुझं तोंड आहे ना, ती बाजू!" शेकोटीपाशी बसला की ठरलेला विनोद, "व्हॅनमागे बेडूक, आणि बेडकात बेडकी." लोक हसायचे. ओलेटाही हसायची, काय करणार बिचारी.

त्याच्या शेवटच्या हिवाळ्याच्या आदल्या हिवाळ्यात एका रात्री ओलेटाच्या छातीवर दडपण आलं. तिने त्याला हलवून उठवलं. "व्हर्लिन, मला बरं वाटत नाहीये रे. बेडूक सोडव, दवाखान्यात जाऊ."

संध्याकाळी उशिरा आले होते ते. बेडूक जोडलेलाच होता, व्हॅनच्या चाकांखाली ठोकळे लावून झाले होते, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. याला पांघरुणातून निघायचं नव्हतं.

"एवढी घाई असेल तर जा, जाऊन बस त्यात," तो म्हणाला. "मी येतो."

ती गेली. गाऊनवरच. बेडकात बसली, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून. पिना काढताना तिने असंच बसायचं असतं ना. आणि व्हर्लिन कूस बदलून झोपला.

सकाळी ती तशीच बसलेली होती.

हॉर्न दाबला असता तर सगळा तळ धावला असता रे! मी तिथून दगड मारला तर लागेल इतक्या जवळ होतो. पण नाही दाबला. लोकांची झोपमोड नको, या स्वभावाची बाई. आणि तो येतो म्हणाला होता. त्याने आम्हाला काय सांगितलं माहितीये? "झोपेत उठून गेली असेल, मला पत्ताच नाही." आम्ही मूर्खासारखे त्याला आठवडाभर जेवणाचे डबे पोचवत होतो.

"मग तुम्हाला खरं कसं कळलं, काका?"

येतो गं तिथे, किन्से. त्याच्याच तोंडून कळलं.

पुढच्या हिवाळ्यात तो एकटाच आला, बेडूक मागे घेऊन. म्हणे, आता त्यात बसवत नाही, विकून टाकायचाय. डोंगरापलीकडच्या गावात एक गवंडी घ्यायला तयार झाला. गाडी पोचवायची आणि व्हॅनने परत यायचं, एवढंच काम. तारीख चौदा जानेवारी, मंगळवार, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. सूर्य बुडता बुडता तो निघाला. मी तळाच्या फाटकाशी होतो.

"हमरस्त्याने जा रे बाबा," मी म्हटलं.

"एल्डन, तू फाटक सांभाळ," तो म्हणाला. "खाणीच्या जुन्या वाटेने अर्ध्या वेळात पोचतो मी."

नकाशा नेहमी ओलेटा धरायची. कुठे वळू नकोस ते ती सांगायची आणि त्याबद्दल शिव्या खायची. आता शेजारची सीट रिकामी होती. दोन फाटे आले, हा चुकीच्याला लागला. वाट अरुंद होत गेली. दोन्हीकडे पुरुषभर उंचीच्या दरडी, खाली वाळू, पुढे उतार. आणि उतार संपतो तिथे पावसाळ्यातल्या लोंढ्याने वाटच खाऊन टाकलेली. पुढे खड्डा. वळवायला जागा नाही. मोबाईलला रेंज नाही.

तेव्हाच त्याच्या छातीवर दडपण आलं.

आधी वाटलं, जेवणाचं असेल. मग डावा हात जड झाला. मग कपाळाला घाम आला, त्या थंडीत. माणूस दुष्ट असला तरी मठ्ठ नव्हता. त्याला कळलं. घाईने दवाखाना गाठला तर जगू, नाहीतर इथेच संपलो.

आणि घाबरून त्याने ते केलं, जे तुम्हाला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बेडूक मागे असताना व्हॅन उलटी घ्यायची नाही. हातभरसुद्धा नाही. त्याने घेतली. बेडकाची पुढची चाकं आडवी फिरली, दांडा तिरका झाला, पिना आवळल्या. आता व्हॅन मागे जाईना. बेडूक सुटला असता तर तोच उलटा घेत आल्या वाटेने हमरस्ता गाठता आला असता. पण पिना निघतील तर ना! कुणीतरी बेडकात बसून गाडी बोटभर पुढे घ्यायला हवी, म्हणजे पिन सैल होते. एकटा माणूसही करतो म्हणा ते. आत बसायचं, गाडी चालू करायची, जराशी पुढे घ्यायची, ब्रेक लावून उतरायचं.

तो छाती दाबून उतरला. बेडकाच्या दाराशी गेला. कडीला हात घातला.

आत कुणीतरी बसलेलं होतं.

चंद्र डोक्यावर होता. चेहरा दिसत नव्हता… छपराची सावली पडलेली. स्टीअरिंगवर मात्र उजेड होता. दोन्ही हात दिसत होते. आखूड बोटं. गाऊनच्या बाह्या.

त्याचा हात कडीवरून आपोआप सुटला. पुन्हा ती कडी धरायची त्याची छाती झाली नाही.

तो मागे सरकत सरकत पिनेपाशी आला. दोन गाड्यांच्या मध्ये वाकला. रबरी हातोडीने ठोकायला लागला. पिन हलेना. ठोकलं की कळ थेट जबड्यापर्यंत जायची. शेवटी त्याने डोकं वर केलं. काचेकडे बघितलं. आणि म्हणाला…

"पुढे घे, ओलेटा."

काही नाही.

"ओलेटा… पुढे घे गं. जरासंच."

इतकी वर्षं संसार झाला, त्याच्या तोंडून 'गं' पहिल्यांदा निघालं असेल.

वाळू करकरली. बेडूक पुढे आला. बोटभर. इंजिन बंदच होतं. दांडा सैल झाला. त्याने पिन धरली, ओढली, अर्धी बाहेर आली. तो रडायलाच लागला. "बास, बास! तिथेच थांब. शहाणी माझी!"

बेडूक मागे गेला.

चढावर. आपला आपण. पिन खटकन आवळली. त्याची दोन बोटं मध्ये होती.

तो ओरडला. त्या दरडींत ऐकणार कोण?

"चुकलं माझं. ओलेटा, चुकलं. पुढे घे."

पुढे आला. त्याने पिन धरली.

मागे गेला.

पुन्हा पुढे… पुन्हा मागे. किती वेळा, ते त्यालाही सांगता आलं नाही. दर वेळी वाटायचं, आता निघते. दर वेळी अर्धीच. तो तिला माझी राणी म्हणाला. मग बेडकी म्हणाला, शिव्या दिल्या. मग पुन्हा हात जोडले. "मी मरतोय गं. आत्ता सोडव. आत्ता…"

बेडूक हलायचा थांबला.

आतून खट्ट आवाज आला. सीटची पाठ मागे पाडताना येतो ना, तो. स्टीअरिंगवरचे हात निघाले… आणि कुणीतरी सीटवर आडवं झालं. सावकाश. कूस बदलून.



तो हाक मारत राहिला. नुसत्या हाका. आवाज होता तोवर.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना मी लाकडं आणायला खाणीकडे गेलो होतो, तेव्हा मला व्हॅनचे दिवे दिसले. तो दोन गाड्यांच्या मध्ये वाळूत पडलेला. जिवंत होता. हाताची कातडी सोललेली, दोन बोटं चेचलेली. कसाबसा माझ्या ट्रकमध्ये घातला आणि ट्रक दामटला. ओलेटाच्या रात्रीचं, या रात्रीचं, सगळं त्याने मला ट्रकमध्ये सांगितलं, माझी बाही धरून. हमरस्ता लागला तेव्हा बाही सुटली. मी वळून बघितलं. संपला होता.

वेदनेत माणसाला भास होतात, डॉक्टरही तेच म्हणाला. मीही तेच म्हटलं असतं, ट्रेव्हिस. तोंड वाकडं करू नकोस, मी काही भोळसट नाही. पण त्याला ट्रकमध्ये घातल्यावर, निघण्याआधी मी व्हॅनचे दिवे घालवायला परत गेलो होतो. येताना बेडकाजवळून आलो. आत कुणी नव्हतं. व्हॅनच्या काचा कोरड्या, स्वच्छ. ट्रकच्याही. बेडकाच्याही बाकी सगळ्या. फक्त चालकाच्या बाजूची काच पांढरी झालेली, थंडीत बंद गाडीत कुणी रात्रभर गाढ झोपलं की होते तशी. मी बाहीने पुसली. पुसली जाईना. पुन्हा घासून पुसली.

वाफ आतून होती.